हातचा

बिलाच्या पाकिटाची मागची बाजू कोरी असते,
शहराची तेवढीच मेहेरबानी.
तिथं मी पेन्सिलीनं घर मांडलं:
डावीकडे फिलाडेल्फिया, उजवीकडे डेलावेअर,
मध्ये एक उभी रेघ.
ओडेल म्हणाला, ही रेघ ओलांडायला
गाडीनं अर्धा तास पुरतो, व्हर्लीन.

आमच्या गल्लीत कुणीतरी तीन घरं घेतली,
दारं काळी रंगवली, पायऱ्यांवर कुंड्या ठेवल्या,
आणि त्या कुंड्यांच्या जोरावर
आमचं गळकं छप्परही महाग झालं.
पत्रात शब्द होता, पुनर्मूल्यांकन.
एकतीस वर्षं ज्या घरात राहिलो
त्याची किंमत परस्पर कुणी वाढवली
आणि अभिनंदनाऐवजी बिल धाडलं.

उजव्या रकान्यात घरपट्टी इतकी थोडी
की मी चष्मा पुसून पुन्हा बघितली.
तिकडे दुकानात विक्रीकरही नाही,
शंभराचा दिवा शंभरालाच.
दिवा घ्यायच्या आधीच ओडेलनं
तो कुठं ठेवायचा ते ठरवून टाकलं.

मग मी बेरीज परत केली. सावकाश.
माणसं आकडे विसरत नाहीत,
हातचा विसरतात.

घर विकताना हस्तांतर कर, अर्धा आपला.
घेताना हस्तांतर कर, पुन्हा अर्धा आपला.
ओडेलची पेन्शन, सव्वीस वर्षं
बस चालवून, बर्फात, शिव्या खात कमावलेली;
जुन्या राज्यानं तिला बोटही लावलं नसतं.
नवं राज्य काही हजारांपर्यंत
बघून न बघितल्यासारखं करतं,
त्यापुढे हात पुढे करतं.
हातचा एक.

आणि मी?
माझी नोकरी इथंच, हॉस्पिटलच्या तळघरात,
रक्ताच्या नळ्यांवर परक्यांची नावं चिकटवत
अजून सहा वर्षं रात्रपाळी.
शहर पगारातूनच कापून घेतं,
रहिवाशाला पावणेचार टक्के,
सोडून गेलेल्याला साडेतीनच्या आत.
म्हणजे एवढ्या वर्षांचा संसार हलवायची सूट
पाव टक्का. वर थोडी चिल्लर.

ओडेल हसला. मग हसायचा थांबला.

दोन्ही रकाने जवळजवळ बरोबरीत सुटले.
निकाल दिला तो ओडेलच्या गुडघ्यांनी:
क्लेमाँटच्या त्या घराला एकही जिना नव्हता.

सह्या करायला मोठं टेबल होतं.
मिस तबीथा पानं पुढे सरकवत होती,
इथं, इथं, आणि इथं आद्याक्षरं.
सत्तेचाळीस वेळा मी माझं नाव लिहिलं,
शेवटी शेवटी ते दुसऱ्याच बाईचं वाटायला लागलं.

नव्या घरी पहिल्या पगाराची पावती आली.
केंद्राचं घेणं. पेन्सिल्व्हेनियाचं घेणं.
आणि एका ओळीत, लहान टायपात,
फिलाडेल्फिया शहर, अनिवासी.

मी ती ओळ बोटानं झाकली. मग बोट काढलं.
त्या शहरात माझी आई पुरली आहे,
दोन पोरं तिथल्याच शाळेत दात पाडून मोठी झाली,
अर्नेस्टाइन अजून तिथं पायरीवर बसते
आणि आमच्या दारावर आता काळा रंग आहे.
अनिवासी.

"अजून घेतातच का ते?" ओडेलनं विचारलं.
घेतात, म्हटलं.
माझा आवाज त्याला वाटला तेवढा चिडका नव्हता.
कापलेल्या त्या रकमेतला किती सेंटांचा उजेड
अर्नेस्टाइनच्या खांबावर पडत असेल
हे कुठल्याही पाकिटाच्या मागे मांडता येत नाही.
मी मांडलंही नाही.

कोट चढवला, डबा घेतला, निघाले.
खुर्चीत ओडेलला झोप लागली होती,
शेजारी नवा दिवा चालू.
खरंच शंभरालाच पडला तो.